एनपीटीईएल रिव्ह्यू: घरचे "कंप्युटरचं काही खरं नाही" म्हणत असतील तर आधी ही हजार रुपयांची परीक्षा द्या

बीएस्सी, बीकॉम, बीए काहीही करताय, कोडिंगकडे वळायचंय आणि घरी रोज संध्याकाळी त्याच्यावरून वाद चाललाय, अशा पोरापोरींसाठी हा रिव्ह्यू लिहितेय. इंजिनियरिंगवाल्यांना एनपीटीईएल नवीन नाही, त्यांच्याकडे कॉलेजच क्रेडिटसाठी करायला लावतं. पण तालुक्याच्या गावातल्या साध्या सायन्स-कॉमर्सच्या कॉलेजात कित्येकांनी नावसुद्धा ऐकलेलं नसतं, मला पण एका सिनियर ताईने सांगितलं तेव्हा कळलं, आणि तिने सांगितलं नसतं तर मी आज बीएड करत असते हे अगदी मनापासून सांगते.

आधी थोडक्यात काय आहे ते. एनपीटीईएल म्हणजे आयआयटी आणि बेंगलोरच्या आयआयएस्सीने मिळून २००३ ला सुरू केलेला प्रकल्प, पैसा केंद्र सरकारचा. सुरवातीला नुसते लेक्चरचे व्हिडिओ होते, २०१४ पासून परीक्षा आणि सर्टिफिकेट पण चालू झालं. आता सगळे कोर्स स्वयम् ह्या केंद्र सरकारच्या ऑनलाइन शिक्षणाच्या पोर्टलवर असतात, ४ आठवड्याचे, ८ चे, १२ चे, वर्षातून दोनदा, एक बॅच जानेवारीत आणि एक जुलैत. नाव नोंदवायला, लेक्चर बघायला, असाइनमेंट सोडवायला एक रुपया लागत नाही. पैसे लागतात ते फक्त परीक्षेला बसायचं असेल तर, एका कोर्सचे १००० रुपये, एससी, एसटी आणि दिव्यांग असाल तर त्यात सवलत. आणि परीक्षा घरी बसून नाही, सेंटरवर जाऊन द्यायची. हा मुद्दा लक्षात ठेवा, कारण माझ्या घरी जे काय बदललं ते ह्याच्यामुळेच बदललं.

घरचं सांगते. आम्ही सातारा जिल्ह्यातले, कोरेगावकडचे. पप्पा हायस्कूलला गणित शिकवतात, आई घर आणि दोन म्हशी बघते. मी बीएस्सी मॅथ्सला होते. पप्पांचं गणित सरळ होतं, बीएस्सी, मग बीएड, मग टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा), मग लागशील कुठेतरी. कंप्युटर म्हणलं की त्यांच्या डोळ्यासमोर एमएससीआयटी यायची, ती त्यांनी स्वतः केलेली, सरकारी आदेश होता आणि इन्क्रिमेंट अडायला नको म्हणून. त्यात काय करायचं तर वर्डमधे अर्ज टाईप करायचा, एक्सेलमधे बेरीज. "हे शिकून कोण नोकरी देणार तुला" असं त्यांना वाटायचं ते त्यांच्या जागी बरोबरच होतं, त्यांनी कंप्युटर तेवढाच बघितलेला. त्यात भर म्हणजे माझा एक चुलत भाऊ, मेकॅनिकल करून पुण्यात आयटीत गेला, दीड दोन वर्षात कंपनीने काढलं, आणि तो गावी येऊन पाच सहा महिने बसला. आमच्या भावकीत हे उदाहरण इतक्या वेळा दिलं गेलंय की विचारू नका. लग्नात भेटलेला माणूस पण विचारायचा, "ते कंप्युटरवालं पोरगं बसलंय ना घरी?"

मी पण गप्प बसत नव्हते. म्हणायचे, मास्तरकीचं तरी कुठे खरं आहे पप्पा, टीईटी पास झालं की टीएआयटी, म्हणजे भरतीची अभियोग्यता परीक्षा, ती २०१७ ला झाली आणि मग थेट २०२३ ला, मधली पाच वर्षं पोरं काय करत होती? मग पवित्र पोर्टल (शिक्षक भरतीची सरकारी वेबसाइट), मग यादी, मग स्थगिती. संस्थेत जायचं तर किती मागतात ते तुम्हालाच माहिती. ह्याच्यावर पप्पा गप्प व्हायचे पण मान्य नाही करायचे. आई मधे पडायची, "दोघंबी जेवा आधी." मुद्दा असा की वादाने काही होत नव्हतं, त्यांच्याकडे उदाहरण होतं आणि माझ्याकडे नुसता शब्द.

मधे मी पुण्यातल्या एका क्लासचं काढलं होतं. डेटा सायन्स, सहा महिने, फी ऐंशी हजार, शंभर टक्के जॉब गॅरंटी. पप्पा नाही म्हणले नाहीत, माझ्याबरोबर आले, त्या काउन्सेलर मॅडमचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, हे गॅरंटीचं लेखी द्या. त्यांनी एक छापील कागद काढून दिला, त्यात गॅरंटी हा शब्दच नव्हता, "प्लेसमेंट असिस्टन्स" होतं, आणि बारीक अक्षरात फी परत मिळणार नाही हे होतं. पप्पांनी कागद घडी करून खिशात ठेवला आणि आम्ही परत आलो. येताना एसटीत एक शब्द बोलले नाहीत. मला त्या दिवशी राग आला होता पण आता वाटतं पप्पांनी माझे ऐंशी हजार वाचवले.

मग ताईने एनपीटीईएल सांगितलं. मी पहिल्यांदा घेतला तो पायथनचा, "जॉय ऑफ कंप्युटिंग युजिंग पायथन", आयआयटी रोपरचे प्रोफेसर सुदर्शन अय्यंगार शिकवतात, १२ आठवडे. ज्यांनी आयुष्यात एक ओळ कोड लिहिलेला नाही त्यांनी डोळे झाकून हाच घ्यावा. सुरवात पायथनने होतच नाही, आधी स्क्रॅचवर ठोकळे जोडून मांजर हलवायचं, मग इन्स्टॉलेशन, मग पायथन. सिंटॅक्सचा, म्हणजे कोड लिहायच्या नियमांचा, रट्टा नाही, प्रत्येक आठवड्यात काहीतरी गंमतीचा प्रश्न घेतात आणि तो सोडवता सोडवता लूप, लिस्ट, फंक्शन असं येत जातं. सापशिडी बनवतात, दगड कागद कात्री बनवतात, लॉटरी रोज काढली तर शेवटी फायदा का तोटा हे प्रोग्राम चालवून बघतात, शाळेत वहीच्या मागच्या पानावर आपण जे फ्लेम्स खेळायचो ते पण आहे. पुढे जाऊन गूगल पानांचा क्रम कसा लावतं, ते पेजरँक पण येतं, आणि तिथपर्यंत पोचता तेव्हा ते समजतं सुद्धा. सर बोलतात पण एकदम मोकळं, समोर बसून सांगितल्यासारखं. इंग्लिश सोपं आहे, माझं शिक्षण मराठी माध्यमातलं, पहिले दोन आठवडे ०.७५ स्पीडला बघितलं, नंतर नॉर्मल.

त्यातला एक धडा मला विशेष सांगायचाय, वाढदिवसांचा. एका खोलीत २३ माणसं असली की त्यातल्या कुणातरी दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता निम्म्याच्या वर जाते. ऐकून पटत नाही, वर्षात ३६५ दिवस आणि माणसं २३. कोर्समधे हे प्रोग्रामने करून दाखवतात. मी ते संध्याकाळी जेवताना पप्पांना सांगितलं तर ते म्हणले, शक्यच नाही, आणि जुळत असेल तर आमच्या पिढीत जुळेल, अर्धा वर्ग १ जूनचा, मास्तरांनी शाळेत नाव घालताना टाकलेली तारीख! मी म्हणलं मग आत्ताच्या पोरांचं बघा की, आता तर सगळ्यांचे जन्मदाखले असतात, तुमच्या वर्गात किती पोरं? म्हणाले चाळीस. मी लॅपटॉप (म्हणजे चुलत भावाचाच जुना, तो घरी होता तेव्हा मला दिलेला) ताटाशेजारी घेतला आणि लिहायला लागले. १ ते ३६५ मधले कुठलेही ४० आकडे एका लिस्टमधे घ्यायचे, मग त्या लिस्टचा सेट करायचा, सेटमधे डबल आलेला आकडा एकदाच राहतो, म्हणजे सेटची लांबी ४० पेक्षा कमी भरली की समजायचं कुणाचंतरी जुळलं. हे दहा हजार वेळा करायचं आणि किती वेळा जुळलं ते मोजायचं. सात आठ ओळींचं काम. उत्तर आलं ०.८९ च्या आसपास, म्हणजे असे शंभर वर्ग घेतले तर साधारण ८९ वर्गात जुळणार.

पप्पा दुसऱ्या दिवशी शाळेतनं आले ते चप्पल काढायच्या आधी म्हणाले, "जुळलं." नववी ब मधे दोन पोरी एकाच तारखेच्या निघाल्या, रजिस्टर काढून बघितलेलं त्यांनी. आणि तेवढ्यावर थांबले नव्हते, शेजारच्या वर्गाचं पण बघून आलेले, तिथे ३४ पोरं होती आणि एकही जोडी नव्हती. "इथं का नाही जुळलं मग?" मी ४० च्या जागी ३४ टाकून परत चालवला, साधारण ०.८० आलं, म्हणजे पाच वर्गातला एक वर्ग असा निघणारच. त्यांनी खुर्ची ओढली आणि म्हणाले, कुठली ओळ काय करते ते सांग. एवढं वर्षभर मी भांडून जे झालं नाही ते त्या रात्री झालं, म्हणजे परवानगी नाही मिळाली लगेच, पण कंप्युटर म्हणजे टायपिंग नाही, हे गणितच आहे, एवढं त्यांना डोळ्याने दिसलं.

दुसरा कोर्स चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटच्या प्रोफेसर माधवन मुकुंद यांचा, पायथनमधे डेटा स्ट्रक्चर आणि अल्गोरिदम, म्हणजे माहिती कशी मांडायची आणि प्रश्न कुठल्या रीतीने सोडवायचा, ८ आठवडे. हा सोपा नाही. लेक्चर शांत, एकसुरी, स्लाइडवर कोड आणि सर समजावत जातात, विनोद नाही काही नाही. पण मला विचाराल तर एनपीटीईएलवर मी बघितलेल्यातला हा सगळ्यात भारी कोर्स. सुरवातच मसावि पासून होते. आधी दोन्ही आकड्यांचे सगळे विभाजक काढून, मग त्यात सुधारणा, मग अजून सुधारणा, आणि शेवटी युक्लिडची रीत. प्रत्येक वेळी प्रश्न एकच, हे ह्याच्यापेक्षा लवकर होईल का? आणि ती युक्लिडची रीत म्हणजे पप्पा फळ्यावर शिकवतात ती भागाकाराने मसावि काढायची पद्धत. २५२ आणि १०५ घ्या, २५२ ला १०५ ने भागलं बाकी ४२, १०५ ला ४२ ने भागलं बाकी २१, ४२ ला २१ ने भागलं बाकी शून्य, मसावि २१. पप्पांना हे दाखवलं तर म्हणाले, हे तर मी पंचवीस वर्षं शिकवतोय. मी म्हणलं तेच तर सांगतेय. पुढे सॉर्टिंग, बायनरी सर्च, बुद्धिबळाच्या पटावर आठ वजीर एकमेकांना न मारता कसे बसवायचे, ट्री (झाडासारखी माहितीची मांडणी), डायनॅमिक प्रोग्रामिंग असं वाढत जातं, सहाव्या सातव्या आठवड्याला दम लागतो. तेव्हा कोर्स सोडू नका, व्हिडिओ थांबवून कागदावर करा, दोनदा बघा, तिसऱ्यांदा बघा.

आता परीक्षेचं आणि मार्कांचं, कारण त्यात लोकांचा गोंधळ होतो. बहुतेक कोर्सना हिशोब असा असतो, असाइनमेंटचे २५ आणि परीक्षेचे ७५. असाइनमेंट दर आठवड्याला, मुदत साधारण बुधवारी रात्री बारापर्यंत, १२ आठवड्याच्या कोर्सला त्यातल्या सर्वात चांगल्या ८ धरतात, ८ आठवड्याच्या असेल तर ६. म्हणजे आजारी पडलात, घरी लग्न निघालं, तर मधे एखादी सुटली तरी चालतं. पास व्हायला दोन्हीकडे वेगवेगळं पास पाहिजे, असाइनमेंटला २५ पैकी १० आणि परीक्षेला ७५ पैकी ३०. एकूण ६० च्या वर गेलात तर सर्टिफिकेटवर एलिट येतं, ७५ च्या वर सिल्व्हर, ९० ला गोल्ड. प्रोग्रामिंगच्या असाइनमेंटला तुमचा कोड तिथेच चालवून बघतात, काही टेस्ट केस (कोड तपासायची उदाहरणं) दिसतात आणि काही लपवलेल्या असतात, दिसणाऱ्या पास झाल्या म्हणून खूश व्हायचं नाही, मुदत संपल्यावर लपवलेल्यांचा निकाल कळतो. टेलिग्रामवर दर आठवड्याची उत्तरं फिरत असतात, ती घेऊन २५ चे २५ मिळतील पण परीक्षेला ३० आणताना फाफलाल, आणि मुख्य म्हणजे मग हे करायचं कशाला?

परीक्षेचा फॉर्म कोर्स चालू झाल्यावर वेगळा उघडतो. ही फार चांगली सोय आहे, आधी तीन चार आठवडे फुकट शिकून बघायचं, झेपतंय असं वाटलं तरच हजार भरायचे. मात्र फॉर्मची तारीख चुकली तर चुकली, आणि भरून गेला नाहीत तर पैसे परत नाहीत.

माझं सेंटर पुण्याला आलं, शहराबाहेरच्या एका इंजिनियरिंग कॉलेजात. हॉल तिकीट आलं, ते मी प्रिंट काढून टेबलावर ठेवलं तर पप्पा ते हातात घेऊन बराच वेळ वाचत होते. फोटो, रोल नंबर, वेळ, सेंटरचा पत्ता, आयडी प्रूफ आणा, मोबाईल आणू नका. तोपर्यंत त्यांच्या लेखी मी मोबाईल नाहीतर लॅपटॉप बघत बसलेली असायचे. ते एकदा स्पष्टच म्हणाले होते, "टाईमपास करतीस का अभ्यास करतीस, मला बाहेरनं दोन्ही सारखंच दिसतंय." हॉल तिकीट मात्र त्यांना कळलं. आईबापांना यूट्यूब कळत नाही, ऑनलाइन सर्टिफिकेट कळत नाही, पण परीक्षा कळते, सुपरवायझर कळतो, पास नापास कळतं. माझ्यासाठी एनपीटीईएलची सगळ्यात मोठी किंमत ह्यात आहे आणि जाहिरातीत हे कुणी सांगत नाही.

पप्पा बरोबर आले. पहाटेची एसटी, स्वारगेट, तिथनं पीएमटी, परत थोडं चालत. गेटवर पोरांची ही गर्दी, वेगवेगळ्या कॉलेजची, हातात हॉल तिकीट. पेपर सकाळी ९ ते १२, कंप्युटरवर. आत गेल्यावर फोटो घेतला, आयडी तपासली, रफ कामाला कागद दिला, बोलायचं नाही, तीन तास. बाहेर पप्पा गेटसमोरच्या टपरीवर दुसऱ्या पोरांच्या पालकांशी बोलत बसलेले, त्यात एक बँकेतले काका होते, त्यांची मुलगी त्यांच्याच म्हणण्यावरून मशीन लर्निंगची परीक्षा देत होती. मी बाहेर आले तेव्हा पप्पांनी पेपर कसा गेला विचारलंच नाही, पहिला प्रश्न हा, "हे मशीन लर्निंग तुझ्या पायथनच्या पुढचं का?" येताना एसटीत मात्र पूर्ण रस्ताभर बोलत होते.

निकालाला महिना सव्वा महिना लागतो, धीर धरा. एलिट सिल्व्हर आलं. सर्टिफिकेट पीडीएफमधे मिळतं, घरी छापील काही येत नाही. त्यावर तुमचा फोटो, मार्क, आयआयटीचा शिक्का, आणि एक क्यूआर कोड, तो स्कॅन केला की सर्टिफिकेट खरं आहे का ते कुणालाही तपासता येतं. पप्पांनी पहिल्यांदा तो स्कॅन करून बघितला. मग प्रिंट काढून लॅमिनेट करून आणलं, आणि भावकीत आता दुसरं उदाहरण दिलं जातं.

आता जे चांगलं नाही ते पण सांगते, नाहीतर रिव्ह्यू कसला.

पहिलं, ह्याने नोकरी मिळत नाही. कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. एनपीटीईएलच्या सर्टिफिकेटवर कुठली कंपनी बोलावून घेत नाही, रेझ्युमेवर एक ओळ होते, इंटरव्ह्यूला त्यातलं विचारलं आणि आलं तर उपयोग. घरी पण असंच सांगा, जास्त फुगवून सांगितलं तर नंतर तुमचंच ऐकून घेणार नाहीत.

दुसरं, परीक्षा बरीचशी पर्याय निवडायची असते. कोड वाचून आउटपुट ओळखा, चूक शोधा, असे प्रश्न. स्वतः लिहिता येतं का हे त्यातून पूर्ण कळत नाही, तो सराव तुम्हालाच वेगळा करावा लागतो, रोज थोडा.

तिसरं, कोर्सकोर्समधे जमीन अस्मानाचा फरक. काही प्रोफेसर अप्रतिम, काही नुसती स्लाइड वाचतात. काही व्हिडिओ दहा वर्षं जुने, आवाज बारीक, इयरफोन शिवाय ऐकू येत नाही. एनरोल करायच्या आधी यूट्यूबवर त्या कोर्सची दोन लेक्चर बघून घ्या, सगळी तिथे फुकट पडलेली आहेत. पोर्टल पण मोबाईलवर त्रास देतं. शंका विचारायला ग्रुप असतो, उत्तरं टीचिंग असिस्टंट देतात, कधी त्याच दिवशी, कधी मुदत संपल्यावर.

आणि चौथं, भाषा. काही कोर्सची लेक्चरं मराठीत लिहून मिळतात, मी डाउनलोड करून बघितली, पण ती भाषा इतकी जड की त्यापेक्षा मूळ इंग्लिश सोपं वाटतं. मराठीतूनच सुरवात करायची असेल तर आयआयटी बॉम्बेचं स्पोकन ट्युटोरियल बघा. दहा दहा मिनिटांचे व्हिडिओ, मराठी आवाज, एका बाजूला व्हिडिओ लावायचा आणि दुसऱ्या बाजूला तेच करत जायचं, लिनक्स, सी, पायथन, बरंच काय काय आहे, आणि फुकट. खोलात जात नाही, पण हात बसतो. आमच्याकडे त्याचा वेगळाच उपयोग झाला, पप्पांनी त्याच्यावरनं लिब्रे ऑफिसचं कॅल्क (एक्सेलसारखंच) शिकून घेतलं आणि वर्गाचा निकाल आता स्वतः त्यात लावतात, फॉर्म्युले टाकून, मला एकदाही न विचारता.

कॉलेजात असाल तर अजून एक चौकशी करा. यूजीसीच्या २०२१ च्या नियमाप्रमाणे एका सत्रातल्या ४० टक्क्यांपर्यंतचे कोर्स स्वयम् वरनं केलेले धरता येतात, पण तुमचं विद्यापीठ आणि कॉलेज ते प्रत्यक्षात घेतं का हे ऑफिसात जाऊन विचारा, आमच्याकडे क्लार्कला माहिती नव्हतं, प्राचार्यांकडे गेल्यावर काम झालं. जायचं आणि विचारायचं, लाजायचं नाही.

पुढे काय झालं तर मी एमसीएची, म्हणजे कंप्युटरच्या पदव्युत्तर पदवीची, सीईटी दिली. हे पण कित्येकांना माहिती नसतं, एमसीएला इंजिनियरिंग लागत नाही, कुठलीही पदवी चालते, गणिताची अट तेवढी त्या वर्षीच्या माहितीपत्रकात बघून घ्या, आणि आता दोनच वर्षांचं असतं. राज्याच्या सीईटी सेलची परीक्षा, मार्क आले तर सरकारी कॉलेजात फी झेपण्यासारखी. फॉर्म भरायला पप्पाच सायबर कॅफेत गेलेले. आता मी पुण्यात शेवटच्या वर्षाला आहे, एका छोट्या कंपनीत इंटर्नशिप चालू आहे, पहिल्या महिन्याचा स्टायपेंड आईला दिला, तिने त्यातनं पेंडीची पोती घेतली.

काळजी संपली असं नाही. २०२५ च्या जुलैत टीसीएसने जगभरातले साधारण बारा हजार लोक कमी करणार म्हणून जाहीर केलं, एकूण माणसांच्या दोन टक्के, तेव्हा पप्पांचा सकाळी सातला फोन. पेपरमधलं पूर्ण वाचून दाखवलं. मग म्हणाले, आणि हे एआयच आता कोड लिहितं म्हणतात, मग तुमचं काय? हा प्रश्न पूर्वी पण यायचा पण तेव्हा तो "नको करू" म्हणण्यासाठी असायचा, आता खरंच विचारतात. मी जे वाटतं ते सांगितलं, की फ्रेशरची भरती कमी झालीय हे खरं आहे, एआय कोड लिहून देतं हे पण खरं आहे, मी पण वापरते, पण त्याने दिलेलं बरोबर आहे का आणि ते ३४ पोरांच्या वर्गाला का चाललं नाही हे ज्याला कळतं तो माणूस लागतोच, निदान आज तरी लागतो. एकदम खात्री मला पण देता येणार नाही, आणि मास्तरकीची पण कुणी देत नाही. ते "हं" म्हणले आणि विचारलं, जेवलीस का.

माझ्याकडून पाचपैकी चार. एक मार्क कापला तो जुनाट पोर्टल आणि मराठीच्या त्या जड भाषेसाठी. पैशाच्या मानाने बघाल तर पाचपैकी पाच, कारण हजार रुपयात एवढं शिकवणारं आणि एवढी कडक परीक्षा घेणारं दुसरं मला तरी सापडलं नाही.

कुणी सुरवात करत असेल तर क्रम असा ठेवा, आधी जॉय ऑफ कंप्युटिंग, मग मुकुंद सरांचा, त्यानंतर डेटाबेसचा एखादा. एका वेळी एकच, कॉलेज सांभाळून दोन होत नाहीत. लॅपटॉप नसेल तर कॉलेजच्या लॅबचा टाईम मागून घ्या, मोबाईलवर पायथन चालतं पण असाइनमेंट टाईप करताना जीव जातो. आणि परीक्षेचं शहर निवडताना पहिला पर्याय जिथे पहाटेच्या एसटीने नऊच्या आत पोचता येतं तोच टाका, फॉर्म भरतानाच टाईमटेबल बघून घ्या.